सरावात पिळून निघतात, सामन्यात पासष्टाव्या मिनिटाला गळतात: छोट्या खेळांचा हिशेब कुठे चुकतो

फुटबॉल कोचांची तक्रार जवळजवळ नेहमी याच शब्दांत येते: "आठवडाभर चार-चारचे खेळ घेतो, पोरं घामाघूम होतात, आणि सामन्यात साठ-पासष्ट मिनिटं झाली की पाय थांबतात." चार-चार म्हणजे छोट्या आखलेल्या चौकोनात चार जणांविरुद्ध चार जण. या तक्रारीच्या पाठोपाठ दुसरी येते. सरावात कुणाला काही होत नाही. सामन्यात विंगर किंवा फुल-बॅक, म्हणजे मैदानाच्या कडेने खेळणारा आक्रमक किंवा बचावपटू, एक लांब स्प्रिंट मारतो आणि मांडीच्या मागे हात धरून खाली बसतो. विश्रांती होते, फिजिओ होतो, पोरगा परत येतो आणि काही सामन्यांनी पुन्हा तीच मांडी.

यावर सहसा दोनच उपाय केले जातात. एक तर छोटे खेळ आणखी वाढवायचे, नाहीतर ते बंद करून मैदानाला फेऱ्या मारायला लावायच्या. दोन्हींनी दुखणं थोडे दिवस दबतं आणि परत डोकं वर काढतं. छोटे खेळ चांगलेच आहेत, त्यांना पर्याय शोधायची गरज नाही. पण चार-चारचा खेळ म्हणजे ठरलेला एकच व्यायाम, असं धरून चालल्यामुळे गाडी अडते. चौकोन केवढा आखला, माणसं किती घातली, फेरी किती मिनिटांची ठेवली, नियम कोणता लावला, यावर शरीराला पडणारं काम पार बदलतं. बाहेरून दिसणारी धाप मात्र सारखीच असते.

आधी कोण गळतंय ते पाहा

उपाय शोधण्याआधी पुढच्या दोन-तीन सामन्यांत एवढंच लिहून ठेवा: कुठला खेळाडू कितव्या मिनिटापासून मागे पडला. संपूर्ण संघ एकदम गळत असेल तर प्रश्न एकूण मेहनतीचा किंवा खेळण्याच्या पद्धतीचा आहे. फक्त कडेचे खेळाडू गळत असतील, किंवा हॅमस्ट्रिंग (मांडीच्या मागचा स्नायू) त्यांचंच धरत असेल, तर लांब धावेची सवय नाही. आणि तुमचा सगळ्यात दमदार मिडफिल्डरच हंगाम पुढे सरकतो तसा मंदावत असेल, तर त्याला सरावात पुरेसं कामच मिळत नाहीये. हे शेवटचं कुणाला खरं वाटत नाही, पण ते वारंवार घडतं. खाली त्यावर सविस्तर लिहिलं आहे.

जागेचा हिशेब

पूर्ण मैदान १०५ बाय ६८ मीटरचं धरलं तर ७,१४० चौरस मीटर होतात. २२ जणांत वाटले तर माणशी साधारण ३२५ चौरस मीटर. आता तुमचा चौकोन मोजा. ३० बाय २० मध्ये चार-चार खेळवत असाल तर ६०० भागिले ८, म्हणजे माणशी ७५ चौरस मीटर. सामन्यातल्या जागेच्या पाव भागाइतकीही नाही.

एवढ्या जागेत हृदय भरपूर काम करतं. नीट चालवलेल्या चार-चारच्या फेरीत ठोके कमाल ठोक्यांच्या ८५ ते ९० टक्क्यांच्या आसपास जातात, कधी त्याहूनही वर. पूर्ण सामन्याची सरासरी ८५ टक्क्यांच्या जवळपास असते. म्हणजे ठोक्यांच्या बाबतीत सराव सामन्याच्या तोडीस तोड, आणि म्हणूनच काठावर उभ्या असलेल्या कोचला समाधान वाटतं.

पायांचं काम मात्र वेगळं. छोट्या चौकोनात पाच-सात मीटरचा झपाटा, ब्रेक, वळण, पुन्हा झपाटा. मिनिटाला जेवढे ब्रेक आणि वळणं इथे होतात तेवढी सामन्यातही होत नाहीत. याउलट सामन्यात खेळाडू एकूण १० ते १२ किलोमीटर जातो, त्यातलं ताशी १९.८ किलोमीटरच्या वरचं अंतर साधारण दहावा हिस्सा किंवा त्याहून कमी, आणि २५.२ च्या वरचं अगदी थोडं. पण सामना फिरतो तो बहुतेक वेळा त्या थोड्यातच, आणि हॅमस्ट्रिंग तुटतं तेही तिथेच. मोठ्या माणसाला आपला खरा वेग गाठायला साधारण ३० ते ४० मीटर मोकळी धाव लागते. ज्या चौकोनाची लांबीच ३० मीटर आहे आणि दर पाच पावलांवर कुणीतरी आडवा येतो, तिथे तो वेग येणार कुठून?

पूर्ण वेगात पाय पुढे फेकला जातो तेव्हा तो जमिनीला टेकायच्या अगदी आधी मांडीच्या मागचा स्नायू ताणला जात असतो आणि त्याच क्षणी पायाला ब्रेकही लावत असतो. वेग कमालीच्या जवळ जाऊ लागला की हा ताण झपाट्याने वाढतो. आठवडाभर ज्याने ७० टक्क्यांच्या वर वेगच नेला नाही, त्याच्या स्नायूला हा ताण पहिल्यांदा सामन्यातच बसतो, तोही दमलेला असताना.

हे जीपीएसशिवायही, म्हणजे खेळाडूच्या अंगावर लावायच्या वेग-अंतर मोजणाऱ्या यंत्राशिवायही, तपासता येतं. चौकोनाच्या कोपऱ्यावर मोबाईल लावा, चार मिनिटांची एक फेरी पूर्ण चित्रित करा आणि नंतर फक्त तुमच्या विंगरकडे बघत ती चालवा. बॉलकडे बघायचंच नाही. बहुतेक वेळा असं दिसेल: बॉल घेतला, दोन पावलं, समोर माणूस, पास. तीन पावलं चालत मागे. अंगावर धावला, टाच रोवून थांबला, वळला. पुन्हा चार पावलं जोरात. या सगळ्यात त्याच्या धडाकडे लक्ष द्या. वेग वाढवत असताना धड पुढे झुकलेलं असतं आणि पावलं छोटी पडतात. वेग पूर्ण आला की धड सरळ होतं, टाच मागे उंच जाते, पाऊल लांब पडतं. अख्ख्या फेरीत एकदाही धड सरळ झालं नसेल, तर त्या फेरीत स्प्रिंट झालाच नाही, खेळाडू कितीही धापा टाकत असू दे. मला ही तपासणी बऱ्याच महागड्या आकड्यांपेक्षा जास्त खात्रीची वाटते, कारण ती कोचला स्वतःच्या डोळ्यांनी दिसते.

घड्याळ बॉलबरोबर चालवा

एकूण मेहनत कमी पडते आहे का, हे बघायला स्टॉपवॉच पुरतं. बॉल खेळात असेल तेवढाच वेळ ते चालू ठेवा, बॉल बाहेर गेला की थांबवा. एकच बॉल घेऊन खेळवलेल्या चार मिनिटांत खरा खेळ किती झाला हे पाहिलं की बऱ्याच कोचांचा चेहरा उतरतो. लाथ बसली, बॉल कुंपणाला गेला, एक जण आणायला गेला, बाकी सात जण कमरेवर हात ठेवून उभे. फेऱ्या, मिनिटं, चौकोन सगळं कागदावर बरोबर असतं, पण काम कमी पडतं.

यावरचा उपाय सोपा आहे. चौकोनाच्या चारही बाजूंना बॉल ठेवा आणि बॉल बाहेर गेला की लगेच नवा बॉल कोचने आत टाकायचा. थ्रो-इन, कॉर्नर काहीही नाही. आणि कोचने गप्प उभं राहायचं नाही. २००७ मध्ये इटलीतल्या संशोधकांनी तीन-तीनपासून सहा-सहापर्यंतचे खेळ, वेगवेगळे चौकोन, आणि कोच ओरडून प्रोत्साहन देतोय आणि देत नाहीये अशा दोन्ही परिस्थिती तपासल्या. प्रोत्साहन असताना ठोके, रक्तातलं लॅक्टेट (जोराच्या मेहनतीत वाढणारा घटक) आणि खेळाडूंना जाणवणारी मेहनत, तिन्ही वाढले. कमी माणसं आणि मोठी जागा यांनीही मेहनत वाढली. सगळ्यात जड ठरला तो मोठ्या चौकोनातला, कोचच्या आवाजासकटचा तीन-तीनचा खेळ.

सगळ्यात दमदार खेळाडूला काम का मिळत नाही

छोट्या खेळांची ही मर्यादा सगळ्यात कमी बोलली जाते. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नॉर्वेतल्या अभ्यासात दिसलं की ज्यांची ऑक्सिजन वापरायची कमाल क्षमता सगळ्यात जास्त होती, ते छोट्या गटाच्या खेळात आपल्या क्षमतेच्या सगळ्यात कमी टक्क्यांवर खेळत होते. कारण उघड आहे. खेळाचा वेग आठ जण मिळून ठरवतात. ज्याच्याकडे दम जास्त आहे त्याला तो वेग सोसतो. शिवाय चांगल्या खेळाडूला जागा आधी दिसते, त्यामुळे तो धावतोही कमी. उरलेल्या सात जणांसाठी जी फेरी जड, ती त्याला मध्यम. असे दोन-तीन महिने गेले की त्याचा दम जिथल्या तिथे राहतो किंवा घसरतो, आणि सामन्यात सगळ्यात जास्त अंतर त्यालाच कापायचं असतं.

अशा दोघा-तिघांना वेगळं काम द्यावं लागतं आणि त्यात कमीपणा काही नाही. चार मिनिटं जोरात, तीन मिनिटं हलकं धावणं, अशा चार फेऱ्या. जोर एवढा की ठोके कमालीच्या ९० ते ९५ टक्क्यांवर जावेत. नॉर्वेतल्याच ज्युनियर खेळाडूंवर २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आठ आठवडे, आठवड्यातून दोनदा हेच केलं होतं. त्यांची ऑक्सिजन वापरायची कमाल क्षमता किलोमागे मिनिटाला ५८.१ मिलिलिटरवरून ६४.३ वर गेली आणि सामन्यातलं अंतर व स्प्रिंटची संख्याही वाढली. वेगळं धावायला लावायचं नसेल तर गट पाडताना दमदार खेळाडूंना एकमेकांविरुद्ध घाला, आणि ज्याने त्याने आपला ठरलेला माणूस सोडायचा नाही हा नियम लावा. माणूस-माणशी पहारा हा मेहनत वाढवायचा सगळ्यात साधा मार्ग आहे, कारण त्यात लपायला जागा उरत नाही.

हाच तोटा न्यूट्रल खेळाडूलाही होतो. ज्या बाजूकडे बॉल त्या बाजूने खेळणारा जास्तीचा माणूस बचाव करतच नाही, त्यामुळे त्याचं काम बाकीच्यांपेक्षा कमी पडतं. दर सरावाला तोच मुलगा न्यूट्रल होत असेल तर तो महिनाभर अर्धाच सराव करतोय असं समजा. दर फेरीला माणूस बदला.

टचवरच्या बंधनाबद्दल माझं मत ठाम आहे. एका टचचा नियम, म्हणजे बॉलला एकदाच पाय लावून तो पुढे द्यायचा, दम वाढवायला म्हणून लावू नये. कसलेल्या खेळाडूंमध्ये त्याने धावणं वाढतं हे खरं, पण तंत्र कच्चं असलेल्या गटात दर दुसऱ्या पासला बॉल बाहेर जातो, खेळ थांबतो आणि मेहनत उलट कमी होते. पासिंग सुधारायचं असेल तेव्हा हा नियम जरूर वापरा.

आठवडा परत मांडताना

सामन्याच्या चार दिवस आधी छोटा चौकोन ठेवा. दोन-दोन ते चार-चार, माणशी ७५ ते १०० चौरस मीटर. दोन-दोनची फेरी एक-दीड मिनिटाच्या पुढे नेऊ नका आणि निदान तेवढीच विश्रांती द्या. चार-चारला तीन-चार मिनिटांची फेरी आणि मध्ये दोन-तीन मिनिटं. तिसऱ्या-चौथ्या फेरीत खेळाडू चालायला लागले तर फेरी छोटी करा, विश्रांती वाढवा. "अजून एक, अजून एक" करून मंद फेऱ्या वाढवल्या तर मंद धावण्याचीच सवय लागते.

तीन दिवस आधी मोठी जागा. गोलकीपर धरून नऊ-नऊ, ७० बाय ५० च्या आसपास, आठ-दहा मिनिटांच्या फेऱ्या. इथे माणशी दोनशेच्या जवळपास चौरस मीटर मिळतात आणि बचावामागची धाव, कडेने ओव्हरलॅप (बॉल असलेल्या साथीदाराच्या बाहेरून पुढे धावणं), बॉल गेल्यावर पूर्ण वेगात मागे येणं, हे सगळं दिसायला लागतं. तरीही सेंटर-बॅकला किंवा एखाद्या शांत मिडफिल्डरला या खेळात एकही पूर्ण स्प्रिंट मिळणार नाही. म्हणून त्याच दिवशी वॉर्म-अप संपल्यावर, ताजे असताना, सगळ्यांना ३० ते ४० मीटरच्या चार-सहा सरळ स्प्रिंट द्या, प्रत्येकीनंतर चालत परत आणि वर मिनिट-दोन मिनिटं थांबणं. बॉलच्या मागे दोघांची शर्यत लावली तर वेग आपोआप येतो. ज्या संघाने कित्येक आठवडे पूर्ण वेगात धाव घेतलेली नाही, त्यांना पहिल्याच दिवशी कमाल वेग मागू नका. पहिला आठवडा ८० टक्के, मग ९०, मग पूर्ण. हॅमस्ट्रिंगमधून नुकताच परतलेला खेळाडू असेल तर हा चढ फिजिओला विचारूनच ठरवा.

शेवटचे दोन दिवस हलके. सामन्याच्या आदल्या दिवशी मजा म्हणून दोन-दोनचा चौकोन लावायचा मोह होतो, तो टाळा. ब्रेक आणि वळणं यांनी स्नायू ज्या पद्धतीने दुखावतात ते दुखणं लगेच कळत नाही. एक ते तीन दिवसांनी ते सर्वात जास्त जाणवतं. म्हणजे नेमकं सामन्याच्या वेळी.

याच्या जोडीला नॉर्डिक हॅमस्ट्रिंग व्यायाम. गुडघ्यांवर बसायचं, जोडीदाराने घोटे धरायचे, आणि धड सरळ ठेवून जमेल तितकं सावकाश पुढे झुकायचं. अनेक अभ्यास एकत्र पाहिले तर हा व्यायाम नियमित करणाऱ्या संघांत हॅमस्ट्रिंगच्या दुखापती साधारण निम्म्यावर येतात. पहिल्या आठवड्यात मांडी चांगलीच दुखते, म्हणून कमी आवर्तनांपासून सुरुवात करा आणि सामन्यापासून लांबच्या दिवशी, सराव संपल्यावर करा. बहुतेक संघ तिसऱ्या आठवड्यात कंटाळून हा व्यायाम सोडतात, आणि मग तो कामाचा नाही असं म्हणतात.

उलटी तक्रार: जांघ दुखते

कधी प्रश्न नेमका उलटा असतो. हॅमस्ट्रिंग ठीक, पण जांघेत ओढ बसते, गुडघ्याच्या वाटीखाली दुखतं, सकाळी उठल्यावर पाय जड. ही छोटा चौकोन जास्त झाल्याची खूण आहे. आठवड्यातून तीन-चार दिवस चार-चार खेळवणाऱ्या संघात हे हमखास दिसतं. इथे पूर्ण विश्रांती देऊन परत त्याच चौकोनात सोडलं तर दुखणंही परत येतं. दिवस कमी करा आणि उरलेल्या दिवसांचा चौकोन मोठा करा. ४० बाय ३० केला तर आठ जणांत माणशी दीडशे चौरस मीटर होतात आणि दर दोन पावलांना ब्रेक मारावा लागत नाही. जांघेच्या ताकदीसाठी कोपनहेगन अॅडक्शन हा व्यायाम आहे: कुशीवर आडवं व्हायचं, वरचा पाय जोडीदाराने धरायचा आणि खालचा पाय त्याला नेऊन भिडवायचा. नॉर्वेतल्या निमव्यावसायिक संघांवरच्या, २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या एका व्यायामाने जांघेच्या तक्रारींचा धोका ४१ टक्क्यांनी कमी झाला होता.

आकडे कुठे फसवतात

ज्यांच्याकडे जीपीएस आहे त्यांना छोट्या चौकोनाचा दिवस हलका वाटतो, कारण अंतर कमी दिसतं आणि वेगवान धाव शून्य. त्या दिवशी अंतर बघू नका, वेग वाढवणं आणि कमी करणं यांची संख्या बघा. ठोके मोजणारे उलट्या बाजूला फसतात. ठोके वर चढायला वेळ घेतात, त्यामुळे एक मिनिटाच्या दोन-दोनच्या फेरीत काम संपतं तरी ठोके पूर्ण वर आलेले नसतात. आणि कमाल ठोके २२० वजा वय या सूत्रावरून धरले असतील तर दहा-बारा ठोक्यांचा फरक सहज पडतो. एकदा प्रत्येकाला जोरात धावायला लावून खरे कमाल ठोके पाहून घेतलेले बरे.

काहीच साधन नसेल तर सराव संपल्यावर अर्ध्या तासाने प्रत्येकाला, एकेकट्याला, ० ते १० मध्ये किती जड गेलं ते विचारा आणि मिनिटांनी गुणा. ६० मिनिटांना ७ म्हणजे ४२०. आठवड्यांची तुलना करायला हा आकडा उत्तम आहे. सगळ्यांसमोर विचारलं तर मात्र खरं उत्तर मिळत नाही.

बारा वर्षांखालच्या मुलांना यातलं काहीही लावू नका. त्यांच्यासाठी छोटा खेळ बॉल जास्त वेळा पायाला लागावा म्हणून असतो आणि तेवढं पुरे.

पाच-सहा आठवडे हे नीट केल्यावर दोन ठिकाणी फरक दिसायला हवा: मोबाईलच्या चित्रणात धड सरळ झालेल्या धावा, आणि सामन्याच्या शेवटच्या वीस मिनिटांत कडेच्या खेळाडूंचं मागे परतणं. एखादाच खेळाडू तरीही गळत असेल तर त्याची झोप, नुकतंच झालेलं आजारपण, रक्तातलं लोह याकडे बघा. छातीत दुखणं किंवा चक्कर असेल तर सराव बंद करून आधी डॉक्टर. आणि संपूर्ण संघच गळत राहिला, तर पहिल्या वीस मिनिटांचं चित्रण काढा आणि किती वेळा पाच-सहा जण एकदम पुढे प्रेसला, म्हणजे बॉल हिसकावायला प्रतिस्पर्ध्याच्या अंगावर, गेले ते मोजा. बॉल मिळाल्यावर तो दोन पासांत परत देऊन टाकणारा संघ तसं खेळत असेल, तर तिथे सराव बदलून भागणार नाही. प्रेस कधी करायचा आणि कधी मागे थांबायचं, हे आधी ठरवावं लागेल.